आधी किती हवेत ते सांगा

टेबलाशी येऊन बसलेल्या माणसाला बाई पहिला प्रश्न विचारायच्या तो फॉर्मवरचा नव्हेच. फॉर्मवर बारा प्रश्न छापलेले होते, प्रत्येकाखाली चार चौकोन. वय काय, घरात कमावतं कोण, शेअर बाजार पूर्वी पाहिलाय का, असले. त्यावरून गुंतवणुकीच्या त्या ऑफिसात बाईंचं नावच 'बारा प्रश्न' पडलं होतं. "बारा प्रश्नांकडे जा," असं दारावरचा माणूससुद्धा सांगायचा. पण बावीस वर्षांत बाईंनी पहिल्या प्रश्नापासून सुरुवात कधी केली नव्हती. पेनाचं टोपण काढायचं, समोरच्याकडे न बघता म्हणायचं, "आधी किती हवेत ते सांगा. आणि कधी हवेत."

माणूस सांगायचा. कुणाला पोराच्या शिक्षणाला, कुणाला दुकान घ्यायला, कुणाला नुसतंच म्हातारपणाला. बाई कॅल्क्युलेटर पुढ्यात ओढायच्या. हातात एवढे आहेत, अमुक वर्षांनी तेवढे हवेत, म्हणजे वर्षाला किती टक्के परतावा लागेल ते काढायच्या. साडेदहा आला तर पिवळा गट, चौदा आला तर लाल. मग तो फॉर्म भरायला घ्यायच्या, तोही शेवटाकडून.

फॉर्म छापणाऱ्याच्या मनात हे नव्हतं, हे सांगायला हवं. त्याच्या मनात होतं की आधी माणसाला विचारावं, बाबा रे, तुझ्या पोटात किती भीती मावते? उत्तरांचे गुण मोजावेत. गुण कमी तर हिरवा गट. पैसा बहुतेक रोख्यांत आणि ठेवींत, चिमूटभर जुन्याजाणत्या कंपन्यांचे शेअर, वर्षाला सातेक टक्क्यांची आशा. मधले गुण तर पिवळा. गुण भरपूर तर लाल, म्हणजे जवळजवळ सगळा पैसा शेअरात, आणि आशा चौदाची. माणूस जसा, तसा रंग. रंग जसा, तशी आशा. सरळ हिशेब.

पण सरळ हिशेब कुणाला हवा असतो? ज्याला चौदा हवेत त्याला "तुमचं काळीज हिरव्यातलं आहे, तुम्हाला सात मिळतील" असं सांगितलं, की तो खुर्ची सरकवून उठतो आणि समोरच्या बिल्डिंगमधल्या ऑफिसात जातो. तिथले लोक त्याला चौदा सांगतात. म्हणून साहेबांनी ही उलटी रीत घालून दिली होती. लागणारे टक्के आधी, त्यावरून रंग, रंगावरून गुण, आणि गुण जुळतील अशा बेतानं चौकोनांत खुणा. तपासणीला येणारा माणूस गुण आणि रंग जुळतायत का एवढंच बघायचा. खाली सही असली की तो खूश. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. इथं आधी पाय मोजायचे आणि मग कागदावर तेवढं अंथरूण काढून द्यायचं.

बाईंना कळत नव्हतं असं नाही. नोकरीच्या सुरुवातीला दोन दिवसांचं शिकवणीवजा काहीतरी झालं होतं. शिकवायला एक खोकरा म्हातारा होता. तो म्हणाला होता, "जास्त जोखीम घेतली की जास्त मिळतं, असं जो म्हणेल त्याला दारातच थांबवा. जोखीम जास्त असेल तर जास्त मागावं लागतं, एवढंच खरं. नाहीतर फुकट कोण घेईल? पण मागितलं म्हणून मिळायलाच लागलं, तर तिला जोखीम कशाला म्हणायचं?" बाईंना ते इतकं पटलं होतं की त्यांनी वहीत उतरवून घेतलं. पुढच्या सोमवारी त्या टेबलावर बसल्या आणि उलटा फॉर्म भरायला शिकल्या. पोट सगळ्यांनाच असतं.

बारांतला सातवा प्रश्न सगळ्यांत जड. गुणही त्यालाच जास्त. 'तुमच्या गुंतवणुकीची किंमत काही महिन्यांत एक तृतीयांशाने घसरली, तर काय कराल?' सगळं विकेन. थोडं विकेन. थांबेन. आणखी घेईन. आता सांगा, काठावर पाय सोडून बसलेल्या माणसाला बुडताना काय कराल म्हणून विचारलं, तर तो काय सांगणार? बहुतेक जण छाती काढून म्हणायचे, "आणखी घेईन!" जे म्हणायचे नाहीत, त्यांच्या वतीनं बाई म्हणायच्या. खूण करायला कितीसा वेळ लागतो? पेन टेकलं, उचललं.

ताई आली ती चार वर्षांपूर्वी, भावजींना घेऊन. ताई म्हणजे बाईंची थोरली बहीण, त्यांच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. भावजी लेथवर चौतीस वर्षं उभे राहून नुकतेच निवृत्त झालेले. एकरकमी पैसे हातात आलेले, आणि डोक्यात एकच गोष्ट, राहत्या दोन खोल्या विकत घ्यायच्या. एकतीस वर्षं ती दोघं त्या खोल्यांत भाड्यानं राहत होती. स्वयंपाकघरातल्या फरश्या भावजींनी स्वतः बसवल्या होत्या, खिडकीच्या कड्या कारखान्यातल्या उरलेल्या तुकड्यांतून घडवल्या होत्या. भाड्याच्या घराला इतकं कोण करतं! घरमालक जुन्या ओळखीचा. त्यानं शब्द दिला होता, "आजच्या भावात चार वर्षं थांबतो. तोवर सगळी रक्कम आणलीत तर खोल्या तुमच्या. नाही आणलीत तर जो आणेल त्याच्या. मग मला बोल लावू नका."

आकडे सोपे करून सांगायचे तर घराची किंमत शंभर धरा. भावजींच्या हातात साठ होते.

"पेन्शनमध्ये आमचं भागतं गं," ताई म्हणाली. "या साठाला हात लावायचा नाही. फक्त त्याचे शंभर करून दे."

फक्त म्हणे! बाईंनी कॅल्क्युलेटर ओढला. वर्षाला साडेतेराच्याही वर. लाल. लाल म्हणजे लालभडक.

"ताई, बँकेत ठेवलेत तर पंचाहत्तर-ऐंशीच्या आतबाहेर होतील," त्या म्हणाल्या. म्हणाल्या खऱ्या, पण खालच्या आवाजात.

"ते आम्हालाही कळतं. म्हणून तर तुझ्याकडे आलो."

ताईचा चेहरा असा काही उजळलेला होता की बाईंनी मान खाली घालून फॉर्म पुढे घेतला. इतरांचे फॉर्म त्या मनानंच भरायच्या, बहिणीला मात्र एकेक प्रश्न वाचून दाखवला. सातवाही दाखवला.

"एक तृतीयांश गेले तर?" ताई हसत सुटली. "मी दुसऱ्याच दिवशी येऊन उरलेले काढून नेईन, आणि नेताना तुझी वेणी ओढून जाईन!"

भावजीही हसले. बाईही हसल्या. आणि हसता हसता त्यांनी 'थांबेन'वर खूण केली. तरी गुण लालला कमी पडत होते, म्हणून दहाव्या प्रश्नातही एक चौकोन पुढे सरकवला.

"वाचून बघ एकदा," त्यांनी कागद ताईपुढे केला.

"त्यात काय वाचायचं? तू आहेस ना," ताई म्हणाली आणि सही करून मोकळी झाली.

पहिली दोन-अडीच वर्षं बाजारानं लाज राखली. साठाचे सत्तर झाले, ऐंशी झाले, शहाऐंशीला टेकले. ताईचा महिन्याच्या महिन्याला फोन. "धाकटे, किती झाले गं?" आकडा ऐकला की फोनवरच भावजींना ओरडून सांगायची. भावजींनी टेप घेऊन स्वयंपाकघर मोजलं, नवा ओटा कुठून कुठवर येईल त्याची खडूनं रेघ मारली. शेजारणींना ताई सांगायची, आमची धाकटी मोठ्या ऑफिसात आहे, पैशातलं तिला विचारा. त्यातल्या दोघी विचारायलाही आल्या. बाईंनी त्यांचेही फॉर्म भरले.

बाई तेव्हा सुखात होत्या का? होत्या म्हणायच्या. पण ते सुख म्हणजे दुसऱ्याचं काचेचं भांडं डोक्यावर घेऊन चालणाऱ्याचं. फोन ठेवला की त्या मनात म्हणायच्या, आणखी दीड वर्ष, देवा, फक्त दीड वर्ष.

मग बाजार पडला. का पडला याची कारणं त्या वेळी शंभर जणांनी सांगितली आणि नंतर आणखी शंभरांनी. पडायचं असतं तेव्हा पडतं. दोन महिन्यांत लाल गट तिसऱ्या हिश्शानं खाली गेला, शहाऐंशीचे सत्तावन्न झाले. म्हणजे नुसती वाढ गेली नाही, मुद्दलालाही कात्री लागली.

ऑफिसात फोन थांबेनात. साहेबांनी सगळ्यांना एक वाक्य पाठ करायला लावलं होतं, "थांबा, हे लांबचं आहे, घाबरून विकू नका." बाई ते दिवसातून चाळीस-पन्नास वेळा म्हणायच्या. पलीकडून कुणी रडायचं, कुणी शिव्या द्यायचं, एका निवृत्त मास्तरांनी तर नुसतं विचारलं, "मी पुष्कळ जोखीम घेईन असं म्हणालो होतो का हो? मला आठवत नाही." त्यांचा फॉर्म बाईंनीच भरला होता. "तसं लिहिलंय, सर," त्या म्हणाल्या. खोटं नव्हतं ते. तसं लिहिलेलं होतंच. संध्याकाळी घशातून आवाज निघायचा नाही आणि घरी जाऊन दोन घास गिळायचाही कंटाळा यायचा. अंगात कसलं त्राण म्हणून राहिलं नव्हतं.

आणि या सगळ्या फोनांत ताईचा फोन नव्हता. महिना उलटला, दुसरा उलटला. बाईंनी आपणहून करायला हवा होता. दहा वेळा हातात घेतला, दहा वेळा ठेवला. काय सांगणार? ते पन्नास वेळचं वाक्य? खरं सांगायचं तर बाई घाबरल्या होत्या आणि स्वतःची त्यांना शरम वाटत होती. फोन आला नाही की बरं वाटायचं, आणि बरं वाटलं याचंही वाईट वाटायचं.

ताई आली ती एका मंगळवारी, ऐन गर्दीच्या वेळी. बहीण म्हणून आत शिरली नाही. दारावरच्या माणसाकडून नंबर घेतला आणि इतरांबरोबर बाकावर बसली. तिच्या आधी सात जण होते. बाई एकेकाशी बोलत होत्या आणि प्रत्येक वेळी नजर बाकाकडे जात होती. ताई वाळली होती. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात, आणि नजर समोरच्या भिंतीवर.

नंबर आल्यावर ती समोर बसली.

"सगळं विकायचंय," ती म्हणाली.

"ताई, ऐक. थांब जरा. हे लांबचं आहे, घाबरून विकू..."

"लांबचं? सव्वा वर्ष राहिलंय. सव्वा वर्ष लांब असतं का?"

ज्याला वीस वर्षं थांबायचंय त्याला ते वाक्य खरं होतं. ज्याच्या दाराशी तारीख येऊन उभी आहे, त्याला ते नुसतं वाक्य होतं. हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

"दोन महिने झोपले नाहीये मी," ताई म्हणाली. "तुमचा कागद येतो दर महिन्याला. मी तो यांच्या हाती लागू देत नाही, कपाटात चादरींखाली ठेवते. हे विचारतात, किती झाले? मी म्हणते, आहेत तेवढेच आहेत. काल हे ओट्याचा दगड बघून आले. दुकानदाराला म्हणाले, पुढल्या वर्षी नेतो. ऐकून मी संडासात जाऊन बसले गं, दुसरी जागा नाही रडायला."

बाईंनी विक्रीचा अर्ज काढून टेबलावर ठेवला.

"मी काय लिहून दिलं होतं ते बघायचंय मला."

बाईंनी फायलींच्या कपाटातून फॉर्म काढला. ताईनं चष्मा लावून तो पहिल्यापासून वाचला, बोट ठेवून, सावकाश. मागचा माणूस चुळबुळ करायला लागला तरी तिनं घाई केली नाही. सातव्यापाशी बोट थांबलं.

"हे मी म्हणाले नव्हते."

"नाही."

"मी म्हणाले होते, काढून नेईन."

"हो."

"मग हे थांबेन कुणी सांगितलं?"

"सगळ्यांचे असेच भरतो आम्ही," बाई म्हणाल्या. "चौदा हवे असतील तर लाल लागतो. लाल हवा असेल तर तिथं थांबेन लागतं."

हे वाक्य त्यांना स्वतःच्या तोंडून ऐकताना इतकं घाणेरडं वाटलं की त्या उठून पाणी प्यायल्या. ताई तशीच बसून होती.

परत येऊन बाईंनी एक कोरा फॉर्म घेतला. बावीस वर्षांत प्रथमच त्यांनी पहिल्या प्रश्नापासून सुरुवात केली. ताई उत्तरं देत गेली, बाई जशीच्या तशी खूण करत गेल्या. गुण मोजले. हिरवा, आणि हिरव्यातलाही खालच्या टोकाचा.

"याच्यावर किती मिळतात?" ताईनं विचारलं.

"सात. कधी साडेसात."

"म्हणजे सव्वा वर्षानं?"

"साठ-बासष्ट होतील."

"आणि तेव्हाच हा असा भरला असतास तर? चार वर्षांचे?"

"ऐंशीला एखाद-दोन कमी."

"शंभर नाहीतच."

"नाहीत, ताई. शंभर कधी नव्हतेच. तुम्हाला लागत होते, म्हणून मी ते बाजारात आहेत असं धरलं. तुझ्या गरजेशी बाजाराला काय घेणंदेणं? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

एवढ्यात साहेब आले. बाई इतका वेळ एकाच माणसाशी बोलतायत म्हणून चौकशीला आले असावेत. विक्रीचा अर्ज बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो ताई, अगदी तळाला विकताय!"

ताईनं चष्म्यावरून वर पाहिलं. "साहेब, तुम्हाला तळ दिसतोय?"

"म्हणजे, तसा नक्की कुणालाच..."

"मग मला कुठून दिसणार? आणा इकडे, कुठं सही करू?"

सत्तावन्नाला सगळं विकलं गेलं. ताईनं पैसे बँकेत ठेवले आणि त्याच दिवशी घरी जाऊन भावजींना सगळं सांगितलं. भावजी काय म्हणाले ते बाईंना कधी कळलं नाही. ताईनं सांगितलं नाही आणि बाईंनी विचारलं नाही.

आणि बाजार? बाजाराला काय, तो कुणाचा जावई थोडाच आहे! तीन आठवड्यांत वळला. आधी हळू, मग धावत. जे विकून गेले होते ते हात चोळत परत यायला लागले, जे थांबले होते ते पेढे वाटल्यासारखी तोंडं करून यायला लागले. ते निवृत्त मास्तर आले आणि "तुम्ही थांबवलंत म्हणून वाचलो" म्हणून बाईंना हात जोडून गेले. मास्तर वाचले होते खरे, पण कुणी वाचवलं नव्हतं. नशिबानं हात दिला होता, आणि श्रेय बाईंच्या टेबलावर येऊन पडलं होतं.

साहेब जाता-येता म्हणायचे, "बघा बाई, तुमची बहीण थांबली असती तर!" वाईट मनानं नाही म्हणायचे, सवय म्हणून म्हणायचे. बाई मान हलवायच्या. मग दुपारी गर्दी ओसरली की ताईचा बंद झालेला लाल गट कागदावर मांडायच्या, आजचा भाव घालायच्या, आणि बेरीज करायच्या. कुणी सांगितलं होतं? कुणी नाही. सुटत नव्हतं, एवढंच. एकाहत्तर. ब्याऐंशी. त्र्याण्णव. एक दिवस त्यांनी दुसरी बेरीजही करून पाहिली, बाजार वळला नसता आणि तसाच पडत राहिला असता तर? चाळीस. चाळिसाबद्दल साहेबांनी कधी "बघा बाई" म्हटलं नव्हतं. जे घडलं नाही त्याचा भाव कुणी छापत नाही, पण ताईच्या उशाशी दोन महिने तोच आकडा बसलेला होता. तिनं विकलं यात तिचं काही चुकलं नव्हतं. चुकलेलं सगळं चौकोनात होतं.

तारीख आली. घरमालक शब्दाला जागला, एक दिवस आधी नाही आणि एक दिवस नंतर नाही. खोल्या एका औषधवाल्यानं घेतल्या. ताई आणि भावजी तीन गल्ल्या सोडून चौथ्या मजल्यावरच्या एका खोलीत गेली, भाड्यानंच. सामान हलवायला बाई गेल्या होत्या. भावजींनी खिडकीच्या कड्या काढून घेतल्या नाहीत. ताईनं दोनदा सांगितलं तरी "असू देत, नव्या माणसाला खिडकी लावायला नको का?" म्हणून हातोडी पिशवीत टाकली.

महिनाभरानं सुट्टीच्या दिवशी दुपारी बाई चार मजले चढून ताईकडे गेल्या. भावजी गुडघ्याला कसलंसं तेल लावून कॉटवर भिंतीकडे तोंड करून झोपले होते. खोलीत अजून दोन खोकी न उघडलेली होती, ठेवायला जागा नव्हती. ताईनं त्यातल्याच एका खोक्यावर चादर घालून बाईंना बसायला दिलं आणि स्वतः खाली बसून भाजी निवडायला घेतली. मग हळू आवाजात, झोपलेल्याला ऐकू जाऊ नये म्हणून, तिनं विचारलं,

"मी विकलं नसतं तर त्या तारखेला किती झाले असते?"

मला ठाऊक नाही, असं बाईंना म्हणता आलं असतं. निवडलेली भाजी पुढे ओढून विषय बदलता आला असता.

"खरं सांग. तू बघितलं असशीलच. मी ओळखते तुला."

"एकशे दोन," बाई म्हणाल्या.

ताईचा हात थांबला. घर येऊन वर दोन उरले असते. मग ती पुन्हा निवडायला लागली. रडली नाही. बाईंना वाटलं, रडली असती तर बरं झालं असतं.

"आणि तुझे?" तिनं विचारलं. "तुझे किती गेले त्या वेळी? तू तर विकले नसशील. वाढलेही असतील आता."

"माझे नाहीत तिथं."

"म्हणजे?"

"माझे बँकेत आहेत. मुदत ठेवीत."

"केव्हापासून?"

"पहिल्यापासून. तेवीस वर्षं."

ताईनं मान वर केली. "एकही शेअर नाही?"

"एकही नाही. माझ्या मागे कोण आहे, ताई? आजारी पडले, नोकरी गेली, तर मला कोण बघणार? मला नाही सोसायचं ते. एक तृतीयांश जाणं वगैरे."

"म्हणजे तुला भीती वाटत होती."

"हो."

"मग माझ्यासाठी का नाही वाटली?"

ताईच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. बाईंच्या तोंडाशी नेहमीची उत्तरं आली, साहेबांची रीत, समोरच्या बिल्डिंगमधलं ऑफिस, सगळ्यांचे असेच भरतो आम्ही. त्यांनी ती सगळी गिळली.

"त्या दिवशी तू किती आनंदात आली होतीस," त्या म्हणाल्या. "घर होणार म्हणून. होणार नाही असं तुला तोंडावर सांगायचं माझ्या जिवावर आलं. पैसे जातील याच्यापेक्षा तुझं तोंड पडेल याची मला जास्त भीती वाटली. म्हणून मी खूण केली."

कॉटवर भावजी कूस बदलत होते, ते जागे होते की नव्हते कोण जाणे.

"एवढ्यासाठी?" ताई म्हणाली.

"एवढ्यासाठी."

ताईनं निवडलेली भाजी पातेल्यात टाकली, देठं कागदात गुंडाळली आणि उठायचा प्रयत्न केला. गुडघा धरला होता. बाईंनी हात पुढे केला. ताईनं तो पाहिला, आणि भिंतीला धरून एकटीच उठली.